स्वस्तातली ५० एमएम टाकाऊ नाही



'झूम नसलेली स्वस्त लेन्स म्हणजे पैसे पाण्यात' हे गेल्या अंकातले पत्र वाचले. पत्रलेखकांची एक तक्रार रास्त आहे. साध्या डीएसएलआरच्या लहान सेन्सरवर ५० एमएम लेन्स ७५-८० एमएमसारखी वागते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणार विवर काठावरून तिच्यात मावणार नाही. तिथे कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ च बरी.

पण विवर पाहून गावातल्या दैत्यसूदन मंदिरात शिरा. आत अंधार, छतावर कोरीव काम. १८-५५ लांबवली की तिचे अपर्चर एफ ५.६ वर अडते. ५० एमएमचे एफ १.८ पर्यंत उघडते, म्हणजे जवळपास दहापट प्रकाश. जिथे सेकंदाचा दहावा भाग लागून हात हलतो, तिथे शंभरावा भाग पुरतो. ट्रायपॉड नको, फ्लॅश नको. छताचा एकेक तुकडाच घ्यावा लागतो, हे खरे. मला तर तेच आवडते.

झूम नाही म्हणून पायी पुढे-मागे व्हावे लागते. त्यात कसला कमीपणा? नामवंत छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी बहुतेक काम ५० एमएमवरच केले.

घेणाऱ्यांनी मात्र एक पाहावे: निकॉनच्या डी३००० किंवा डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यात फोकसची मोटर नसते. त्यावर जुनी 'डी' प्रकारची लेन्स लावली तर फोकस हाताने करावा लागतो. 'जी' प्रकारची घ्यावी. सेकंडहँड असेल तर काच उजेडात धरून बुरशी बघावी.

– एक हौशी छायाचित्रकार, मेहकर (जि. बुलढाणा)