आधी वर्ग बदलतो, मग मत

दिवाळी सरली की परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या भागांतल्या अनेक गावांतून आणि तांड्यांवरून ऊसतोडणीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्याच्या फडावर कोप उभी राहते आणि आईबापांबरोबर अनेक मुलेही तिथेच हिवाळा काढतात. हंगाम संपून मुले गावी परततात तेव्हा वर्गातले पुस्तक संपत आलेले असते. अशा मुलाला समोर पाहून शिक्षकाच्या मनात पहिला विचार कोणता येतो? 'याला कुठून शिकवायला सुरुवात करू?' हा एक विचार झाला. 'याचे आता काही व्हायचे नाही' हा दुसरा. पहिला विचार मुलाला पुढे नेतो, दुसरा त्याला मागच्या बाकावर बसवून ठेवतो.

या विचारालाच शिक्षणशास्त्रात शिक्षकाची अभिवृत्ती म्हणतात. तिच्यावर आपल्याकडे संशोधन कमी झालेले नाही. बी.एड., एम.एड.चे लघुप्रबंध आणि पीएच.डी.चे प्रबंध यांत हा विषय वर्षानुवर्षे आवडीचा आहे. त्यांची पद्धतही बहुधा ठरलेली असते. पदनिश्चयन श्रेणीवर काही विधाने दिली जातात, शिक्षक 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशा खुणा करतात, मध्यमान निघते, 'टी' मूल्य निघते आणि शून्य परिकल्पना स्वीकारली किंवा फेटाळली जाते. रेन्सिस लायकर्ट यांनी 1932 मध्ये मांडलेले हे साधन उपयुक्त आहे. परंतु 'प्रत्येक मूल शिकू शकते' या विधानापुढे 'असहमत' अशी खूण कोणता शिक्षक करील? कागदावरची अभिवृत्ती आणि वर्गातली अभिवृत्ती यांच्यातले अंतर प्रश्नावलीत सापडत नाही. त्यासाठी वर्गात जावे लागते.

वर्गात जाऊन केलेल्या अभ्यासांत सर्वांत गाजलेला अभ्यास रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांचा. 1968 मध्ये त्यांनी तो 'पिग्मॅलियन इन द क्लासरूम' या नावाने प्रसिद्ध केला. ज्या नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' रचले, त्या बर्नार्ड शॉ यांच्या नाटकाची आठवण या नावात आहे. कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांची चाचणी घेण्यात आली आणि काही मुले यंदा झपाट्याने प्रगती करतील असे शिक्षकांना सांगण्यात आले. ही नावे प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली होती. वर्षअखेरीस पहिली-दुसरीतल्या अशा मुलांच्या गुणांत इतरांपेक्षा जास्त वाढ दिसली. मुले निराळी नव्हती, त्यांच्याकडे पाहणारी नजर निराळी झाली होती.

हा निष्कर्ष जगभर पसरला आणि त्याच्या मर्यादाही तितक्याच लवकर पुढे आल्या. वरच्या वर्गांत परिणाम जवळपास दिसला नव्हता. चाचणीच्या विश्वासार्हतेवर रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी त्याच वर्षी कठोर टीका केली. ली जसिम आणि केंट हार्बर यांनी 2005 मध्ये तोवरच्या सगळ्या पुराव्याचा आढावा घेतला. शिक्षकांच्या अपेक्षा पुष्कळदा मुलांच्या प्रत्यक्ष कामगिरीवर आधारलेल्या असतात आणि त्यांचा स्वतंत्र परिणाम सामान्यतः लहानच असतो, असे त्यांना आढळले. मात्र समाजात आधीच हिणवल्या गेलेल्या गटांतल्या मुलांवर तो जास्त होण्याची शक्यता त्यांनी नोंदवली. परभणीसारख्या जिल्ह्याने हे वाक्य दोनदा वाचावे. 2011 च्या जनगणनेत राज्याची साक्षरता 82 टक्क्यांच्या वर होती, तर या जिल्ह्याची सुमारे 73 टक्के. आजी-आजोबांनी शाळा पाहिलेली नाही, आईबापांनी ती अर्ध्यावर सोडली, अशी कितीतरी घरे इथे आहेत. त्या घरातल्या मुलाला शिक्षकाच्या नजरेइतका दुसरा शैक्षणिक आधार क्वचितच असतो.

भारतातला पुरावाही याच दिशेने बोट दाखवतो. रेमा हॅना आणि ली लिंडेन यांच्या 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिक्षकांना तपासायला दिलेल्या उत्तरपत्रिकांवर मुलांची जात यादृच्छिकपणे लिहिली होती. 'खालच्या' जातीची नोंद असलेल्या उत्तरपत्रिकांना किंचित कमी गुण मिळाले. फरक छोटा होता, प्रमाण विचलनाच्या 0.03 ते 0.08 इतका. पण त्यातून आणखी एक गोष्ट निघाली, ती अधिक विचार करायला लावते. हा भेदभाव मुख्यतः स्वतः त्याच सामाजिक थरातून आलेल्या परीक्षकांकडून झाला होता. म्हणजे प्रश्न एखाद्या समाजाच्या द्वेषापुरता नाही. कोणाकडून किती अपेक्षा ठेवायची याचा ठसा सगळ्यांच्याच मनावर उमटलेला असतो, सोसणाऱ्याच्या मनावरसुद्धा. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत शाळकरी मुलांना कागदावरची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती तेव्हा उच्च जातींतली आणि दलित मुले बरोबरीने चालली. सर्वांसमोर जात उच्चारताच दलित मुलांची कामगिरी घसरली. आपल्याबद्दलचे मत मुलाला ऐकू येते आणि ते त्याच्या हातापायांत उतरते.

हे मत वर्गात उतरते कसे? शिक्षक सहसा कोणाला तोंडावर 'ढ' म्हणत नाहीत. जेअर ब्रॉफी आणि थॉमस गुड यांनी 1970 मध्ये पहिलीच्या वर्गांत बसून शिक्षक-मुलांच्या संवादाच्या बारीक नोंदी केल्या. ज्यांच्याकडून अपेक्षा कमी, त्यांच्या बरोबर उत्तराला शाबासकी कमी मिळत होती. त्यांचे उत्तर चुकले की पुन्हा प्रयत्न करू देण्याऐवजी प्रश्न पुढे सरकत होता. मेरी बड रो यांनी तर सेकंद मोजले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत आणि 'हुशार' मुलांसाठी त्याहून जरा जास्त. हा वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला तर उत्तरे लांबली, गप्प बसणारी मुले बोलू लागली आणि काही मुलांबद्दलचे शिक्षकांचे मतही बदलले. शाबासकी आणि संधी यांच्याइतकेच हे दोन सेकंदही अभिवृत्तीचे खरे माप आहेत. खुणांच्या रकान्यांत ते सापडत नाही.

इथवर वाचून कोणी शिक्षकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करील, तर तो अन्याय होईल. 2003 मध्ये देशभरातल्या शाळांना अचानक भेटी देऊन शिक्षकांच्या गैरहजेरीची पाहणी झाली. देशाची सरासरी सुमारे 25 टक्के निघाली आणि सर्वांत कमी गैरहजेरी महाराष्ट्रात, 14.6 टक्के, आढळली. इथला शिक्षक शाळेत येतो. आल्यावर त्याच्यासमोर काय असते, ते पाहिले पाहिजे. एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता, ऑनलाइन भरायची माहिती, मतदार याद्यांचे काम, पोषण आहाराचा हिशेब. शिक्षण हक्क कायद्याच्या 27 व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता इतर अशैक्षणिक कामांना मनाई केली आहे, तरीही कामांची यादी लांबतच राहिली. वर्षानुवर्षे प्रयत्न करून काही मुले वाचायलाच लागत नाहीत, असा अनुभव येत राहिला की 'घरी कोणी लक्ष देत नाही' हे उत्तर शिक्षकाला सापडते. त्यात तथ्यही असते. परंतु ते उत्तर एकदा पक्के झाले की प्रयत्न थांबतो आणि प्रयत्न थांबला की उत्तर आपोआप खरे ठरते.

म्हणून 'शिक्षकांची मानसिकता बदला' हा सल्ला ऐकायला बरा आणि उपयोगाला थिटा आहे. आधी मानसिकता बदलेल, मग पद्धत, मग मुले शिकतील, हा क्रम आपल्या बहुतेक प्रशिक्षणांनी गृहीत धरला आहे. थॉमस गस्की यांनी 1986 मध्ये तो उलटा मांडला. शिक्षक नवी पद्धत वापरून पाहतो, आपल्याच वर्गातली मुले शिकताना त्याला दिसतात आणि मग त्याचे मत बदलते. मत हे यशाचे कारण असते त्याहून अधिक यशाचे फळ असते. ज्याने शिकवले आहे, त्याला हे सांगावे लागत नाही.

याचा पुरावा महाराष्ट्रातही आहे. मुंबई आणि वडोदरा येथे 2001 ते 2004 या काळात 'प्रथम' संस्थेच्या बालसखी उपक्रमाची पारख अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केली. वस्तीतलीच एक तरुणी मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना रोज सुमारे दोन तास त्यांच्या पातळीवरून शिकवत असे आणि मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. पुढे इयत्तेऐवजी पातळीनुसार गट करण्याची हीच पद्धत बिहार आणि हरियाणात सरकारी शिक्षकांच्या हाती दिली गेली, तेव्हा मोठा धडा मिळाला. नुसते प्रशिक्षण आणि साहित्य देऊन सोडले तिथे फरक पडला नाही. त्याच शिक्षकांना बिहारमध्ये उन्हाळी वर्गांत आणि हरियाणात शाळेतल्या रोजच्या एका राखीव तासात, देखरेखीच्या पाठबळासह, हे काम दिले तेव्हा मुले वाचू लागली. शिक्षक तेच, मुले त्याच थरातली. निराळी होती ती वेळेची आणि कामाची व्यवस्था. या पद्धतीची गरज ओसरलेलीही नाही. 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी 48.8 टक्के मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता आला.

भाषेचा प्रश्नही असाच नजरेशी जोडलेला आहे. पालघर जिल्ह्यातल्या वाडा भागात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी पहिली ते तिसरीतली मुले वाचायला-लिहायला कशी शिकतात याचा दीर्घ अभ्यास केला. वर्गात अक्षरे गिरवण्यात आणि फळ्यावरचे उतरवण्यात बराच वेळ जातो, स्वतःचे सांगायला आणि लिहायला फार कमी वाव मिळतो, हे त्यातून पुढे आले. यादगीर आणि परभणी ही दोन्ही एकेकाळी हैदराबाद संस्थानातली. परभणीच्या वर्गातही मुले घरून दखनी, गोरमाटी आणि मराठवाडी बोली घेऊन येतात. बोलीतले वाक्य ऐकून शिक्षकाने ते 'अशुद्ध' म्हणून खोडायचे की त्याचाच धागा धरून पाठ्यपुस्तकातल्या मराठीकडे न्यायचे, हा अभिवृत्तीचा रोजचा कस आहे.

महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी ते वाढवले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी मुलांना दोष दिला नाही, कुरणशाळा काढली. मूल का येत नाही, याचे निरीक्षण त्यांनी केले, उपाय करून पाहिला आणि जमला तसा वाढवला. संशोधन म्हणून ते कमी दर्जाचे नव्हते.

या परंपरेचे शास्त्रीय नाव कृतिसंशोधन. कर्ट लेविन यांनी 1940 च्या दशकात ही कल्पना मांडली आणि स्टीफन कोरी यांनी 1953 च्या पुस्तकातून ती शाळेत आणली. आपल्याकडे ती बी.एड.च्या फाइलमध्ये आणि अहवालात अडकून पडली आहे. खरे कृतिसंशोधन साधे असते. हंगामी स्थलांतर करणारी मुले परतली की पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला काय वाचता येते याची नोंद करायची. महिनाभर रोज एक तास पातळीनुसार गट करायचे, महिन्याने पुन्हा नोंद घ्यायची. कोणाचे जमले, कोणाचे नाही आणि का, हे केंद्राच्या शिक्षण परिषदेत इतर शिक्षकांपुढे मोकळेपणाने ठेवायचे. गावातच राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालतात, तिथल्या संध्याकाळीही या कामासाठी वापरता येतील.

यासाठी काही गोष्टी मात्र वरून व्हाव्या लागतील. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने वर्षाला मोजकीच, पण प्रत्यक्ष वर्गांत चाललेली कृतिसंशोधने हाती धरावीत आणि फसलेल्या प्रयोगांचीही नोंद आदराने छापावी. केंद्रप्रमुखांनी शाळाभेटीत कागद तपासण्याआधी वीस मिनिटे वर्गात बसावे. अध्यापक महाविद्यालयांनी आणि विद्यापीठाने अभिवृत्तीवरचे प्रबंध प्रश्नावलीवर संपवू नयेत, त्यांत वर्गनिरीक्षण अनिवार्य करावे. शासनाने शिकवण्याचा वेळ खरोखर मोकळा करावा, कारण तो नसेल तर बाकीचे सगळे उपदेशच उरतात. स्थलांतर, गरिबी आणि पाण्याची टंचाई हे प्रश्न शिक्षक एकट्याने सोडवू शकत नाही, आणि त्यांचे ओझे त्याच्या अभिवृत्तीवर लादू नये.

तरीही रोजच्या सहा तासांत काही गोष्टी त्याच्याच हाती असतात. कोणाला प्रश्न विचारायचा, उत्तरासाठी किती थांबायचे, चुकल्यावर काय म्हणायचे, हे तिथेच ठरते आणि मागे पडलेले एक जरी मूल डोळ्यांदेखत वाचू लागले, तरी शिक्षकाचा विश्वास कोणत्याही व्याख्यानापेक्षा जास्त वाढतो. जिल्ह्यातल्या प्रत्येक शिक्षकाला असा अनुभव दरवर्षी मिळेल, अशी व्यवस्था उभी करणे हेच शैक्षणिक प्रशासनाचे पहिले काम मानले पाहिजे.