सही जुळत नाही

दादरच्या ज्या छोट्या संस्थेचे मी काम पाहतो, तिची ई-मेल पेटी परवा घरी उघडायला गेलो, तर पडद्यावर पाटी आली : सर्व्हरचे सुरक्षा प्रमाणपत्र वैध नाही. खाली ‘तरीही स्वीकारा’ असे बटण. पुतण्या म्हणाला, “काका, दाबा ना, नेहमीच येतं ते.” माझा हात थबकला. त्याचे कारण चाळीस वर्षांपूर्वीचे आहे.

१९८५च्या सुमारास मी लालबागच्या एका बँकशाखेत नवा अधिकारी होतो. १९८२च्या गिरणी संपाने घरी बसवलेल्या कामगारांची किडूकमिडूक शिल्लक आमच्याकडे असे. एका म्हाताऱ्या कामगाराची पैसे काढायची स्लिप त्याचा भाचा घेऊन आला. सही नमुना-कार्डाशी जुळत नव्हती. “मामा खाली टॅक्सीत बसलेत, जिना चढवत नाही त्यांना.” चेहरा ओळखीचा, रांग लांब. मी स्लिप पास केली. आठवड्याने मामा स्वतः जिना चढून आले. पैसे त्यांच्या हाती पडलेच नव्हते. बँकेने भरपाई दिली. “साहेब, सही बघूनच पैसे देता ना?” एवढेच त्यांनी विचारले.

सुरक्षा प्रमाणपत्र म्हणजे सर्व्हरचे नमुना-कार्डच. पलीकडचा सर्व्हर तोतया नाही, अशी ग्वाही एखादी मान्यताप्राप्त संस्था त्यात देते. ती न जुळताही पुढे गेलो आणि मध्ये खरोखरच तोतया बसला असला, तर पासवर्ड आणि त्यामागोमाग सारी पत्रे त्याच्या हाती. ती केवळ आपली नसतात, लिहिणाऱ्यांचीही असतात.

मग हे बटणच काढून टाकावे का? तसे म्हणणारे जाणकार आहेत. मला ते पटत नाही. कधी प्रमाणपत्राची नुसती मुदत संपलेली असते, कधी संस्थेने ते स्वतःच बनवलेले असते. उलट मान्यताप्राप्त शिक्काही चुकतो. जुलै २०१४मध्ये आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले. विंडोजवरचे अनेक प्रोग्रॅम ती खरी मानत होते. निवाडा सर्वस्वी यंत्रावर सोपवावा, एवढे यंत्र निर्दोष नाही.

पण माणसाने निवाडा करायचा, तर त्याला आधार हवा. चेक परत करताना आम्ही कारणाची चिठ्ठी जोडत असू : सही जुळत नाही, तारीख उलटली, अंकी-अक्षरी रक्कम वेगळी. प्रोग्रॅमनेही नेमके कारण सांगावे, तेही मराठीत. अपवाद त्या एका प्रमाणपत्रापुरताच ठेवावा. ते बदलले की पुन्हा अडवावे. आणि आधी ठसा पडताळायला लावावा. प्रत्येक प्रमाणपत्राला अंक-अक्षरांचा असा ठसा असतो. सर्व्हर सांभाळणाऱ्याकडून तो फोनवर वाचून घेता येतो. संस्थांनीही जबाबदारी टाळू नये. ‘लेट्स एन्क्रिप्ट’कडून प्रमाणपत्र फुकट मिळते, खर्चाची सबब आता उरलेली नाही.

मी संस्थेत फोन लावला, ठसा अक्षर अक्षर जुळवला. प्रमाणपत्राची मुदत तेवढी संपली होती. नवे घ्यायला सांगितले आणि मग बटण दाबले. पुतण्या कंटाळला, पण सारे मिळून पाच मिनिटे लागली. त्या दिवशी लालबागला जिना उतरून टॅक्सी पाहून यायलाही तेवढीच लागली असती.