हृदयाची वीज आणि आफ्रिकी वारसा

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याआधी विजेची एक लाट त्याच्या स्नायूंतून धावते. उजव्या अलिंदातल्या, म्हणजे वरच्या कप्प्यातल्या, छोट्या गाठीत ती उगम पावते, अलिंद आणि निलय यांच्यामधल्या दुसऱ्या गाठीपाशी क्षणभर थबकते आणि मग खालच्या कप्प्यांत पोहोचते. या प्रवासाला लागणारा वेळ ईसीजीच्या कागदावर ‘पीआर’ अंतर म्हणून मोजतात. निरोगी प्रौढात तो साधारण १२० ते २०० मिलिसेकंद असतो. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांत तो गोऱ्या अमेरिकनांपेक्षा सरासरीने थोडा जास्त भरतो.

कोडे इथूनच सुरू होते. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम या बहुतांशी गोऱ्या वस्तीच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या अभ्यासातून २००९ मध्ये दिसले, की ज्यांचे पीआर अंतर २०० मिलिसेकंदांच्या पुढे जाते त्यांना ‘एट्रियल फिब्रिलेशन’, म्हणजे अलिंदांची अनियमित थरथर, होण्याचा धोका सुमारे दुप्पट असतो. उच्च रक्तदाबानेही तो वाढतो. कृष्णवर्णीय अमेरिकनांत या दोन्ही गोष्टी अधिक आढळतात, तरी हा विकार मात्र गोऱ्यांपेक्षा कमी. त्यांच्यात निदानच कमी होते, असे एक उत्तर दिले जाते. उपचार मिळण्यातली विषमता खरीच आहे, पण तेवढ्याने कोडे सुटत नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, आफ्रिकी-अमेरिकन व्यक्तीच्या जनुकसंचातला युरोपीय पूर्वजांचा वाटा दहा टक्क्यांनी वाढला, की या विकाराचा धोका सुमारे १३ टक्क्यांनी वाढतो. पूर्वजांकडून आलेले काहीतरी इथे काम करते आहे, हे मान्य करावे लागते.

कोड्यातल्या पीआर अंतराचा माग घेतला, तर एक जनुक पुढे येते. तिसऱ्या गुणसूत्रावरचे ‘एससीएन५ए’ हे जनुक हृदयपेशींतली सोडियम वाहिनी घडवते. याच वाहिनीतून शिरणाऱ्या सोडियमने विजेची लाट पुढे सरकते. २०११ च्या सुमारास आफ्रिकी-अमेरिकनांच्या जनुकसंचांची छाननी झाली, तेव्हा पीआर अंतराशी जोडलेला सर्वात ठळक भाग हाच निघाला. त्याआधीच, २००२ मध्ये, याच जनुकातला एक बदल समोर आला होता. वाहिनीच्या प्रथिनातल्या एका जागी सेरीनऐवजी टायरोसीन येते. आफ्रिकी-अमेरिकनांत शंभरातल्या सुमारे तेरा जणांकडे हा बदल असतो, पश्चिम आफ्रिकी लोकांत त्याहून अधिक, आणि युरोपीय वंशाच्या लोकांत जवळजवळ नाहीच.

या तेरांपैकी बहुतेकांना आयुष्यभर काहीही होत नाही, हे इथे ठासून सांगायला हवे. एरवी वाहिनी नेहमीसारखी चालते. रक्तातले पोटॅशियम घसरले किंवा ठोक्यांची लय बिघडवू शकणारे औषध चालू झाले, की मात्र धोका जागा होतो. अचानक दगावलेल्या आफ्रिकी-अमेरिकन तान्ह्या बाळांवरील २००६ च्या अभ्यासात, जनुकाच्या दोन्ही प्रतींत हा बदल असलेल्यांचा धोका २४ पट आढळला. श्वास अडखळला की पेशींत आम्लता वाढते, आणि अशाच अवस्थेत ही बदललेली वाहिनी नीट बंद होत नाही. अशी बाळे फार थोडी असतात. पण औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला आणि नवजात बाळाच्या आईवडिलांना ही माहिती आधी असायला हवी, यात शंका नाही.

तरीही कातडीच्या रंगावरून जनुकाचा अंदाज बांधू नये. आफ्रिकी-अमेरिकनांतही शंभरातल्या सत्त्याऐंशी जणांकडे हा बदल नाही, आणि आफ्रिका खंडाच्या आतला जनुकीय भेद जगात सर्वाधिक आहे. या भेदाची माहिती पुरेशी गोळा न करण्याची किंमतही रुग्णच मोजतात. २०१६ मध्ये उघड झाले, की हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजारासाठी ‘घातक’ ठरवलेले काही जनुकीय बदल कृष्णवर्णीय अमेरिकनांत सर्रास आढळतात आणि निरुपद्रवी आहेत. तुलनेसाठीच्या नमुन्यांत त्यांचा पुरेसा समावेश असता, तर धडधाकट माणसांच्या माथी तो आजार मारला गेला नसता.

आपल्यालाही हे परके नाही. दक्षिण आशियातल्या सुमारे चार टक्के लोकांत ‘एमवायबीपीसी३’ जनुकातला २५ अक्षरांचा तुकडा गळलेला असतो आणि त्यांना हृदय दुबळे होण्याचा धोका जास्त असतो, हे २००९ मध्ये हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ या संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह दाखवले. केवळ युरोपीय नमुने तपासून ते कधीच सापडले नसते.

२०१६ पर्यंत जगभरच्या अशा जनुकीय अभ्यासांत युरोपीय वंशाचे लोक ८१ टक्के होते, आफ्रिकी वंशाचे तीन टक्के. अमेरिकेची ‘एनआयएच’ ही आरोग्य-संशोधन संस्था आणि ब्रिटनचा ‘वेलकम ट्रस्ट’ यांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या ‘एच३आफ्रिका’ या उपक्रमाने आफ्रिकेतच प्रयोगशाळा, नमुन्यांच्या पेढ्या आणि प्रशिक्षित माणसे उभी केली. त्याचा निधी २०२२ मध्ये संपला. ते काम चालू ठेवण्याची जबाबदारी आता आफ्रिकी सरकारांनी घ्यावी, आणि तिथल्या माहितीतून औषधे घडवून कमावणाऱ्या कंपन्यांनी त्यांना पैशाचे पाठबळ द्यावे.