एकट्याला पाल पुरे

अंगणातला मातीचा किल्ला ढासळला, त्यावर पेरलेले अळीव पिवळे पडले, की घरातल्या पोरांना खऱ्या किल्ल्यांचे वेध लागतात. आधी ती घोळक्याने जातात. मग विशीच्या आसपास एखाद्याच्या मनात येते, की एकदा एकट्यानेच जावे आणि वर मुक्काम करावा. घरात अर्थातच गहजब होतो. चार दिवसांनी तह होतो. आई डबाभर चिवडा देते आणि बाप तंबू विकत आणतो. चिवड्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. माझे भांडण आहे ते तंबूशी.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याची हकीकत सांगतो. वडिलांनी हौसेने तिघांचा घुमटी तंबू घेऊन दिला. वजन साडेतीन किलो. पोराने पाठपिशवी भरली, उचलून पाहिली, आणि ओझे हलके करावे म्हणून पाण्याची दुसरी बाटली घरीच ठेवली! महिना मार्चचा. वरच्या टाक्यात पाणी असेलच, हा हिशेब. टाक्यात होता चिखल. तो तसाच कोरड्या घशाने अंधार पडताना खाली उतरला. वाटेत धनगरवाडा लागला म्हणून निभावले. तंबूची गुंडाळी सुटलीसुद्धा नव्हती. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, “सर, एकट्याने जमणे माझे काम नाही.” अहो, न जमायला काय झाले? न आलेल्या दोन माणसांचे छप्पर त्याच्या पाठीवर होते, हे त्याला कोणी सांगितलेच नाही!

एकट्या माणसाला डोंगरात काय लागते? वरून दव आणि अवचित सर, खालून ओल, बाजूने वारा आणि किडामुंगी, एवढ्यांपासून आडोसा. त्याला आपल्याकडे जुना, साधा शब्द आहे : पाल. (घरातल्या भिंतीवरची नव्हे, भगिनीवर्गाने दचकू नये.) आठवड्याच्या बाजारात दुकानदार ठोकतो ते, भटकी माणसे गावाबाहेर टाकतात ते पाल. आज ते पातळ नायलॉनचे मिळते. तीन मीटर लांब-रुंद कापड जेमतेम अर्धा किलो भरते. खाली तळ शिवलेली एकट्यापुरती मच्छरदाणी, थोडी दोरी, सात-आठ खुंट्या. सगळे मिळून किलोभर. खांबाला हातातली काठी आहेच. वाचले अडीच किलो; म्हणजे अडीच लिटर पाणी. आपल्या सह्याद्रीत फाल्गुन-चैत्रात तंबू आणि पाणी यांतले एकच उचलायचे झाले, तर शहाणा माणूस काय उचलील?

“पण विंचूकाट्याचे काय?” हा माउलींचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. विंचवाला अडवते ती जाळी आणि तिचा शिवलेला तळ. वरचे जाड कापड त्याला अडवीत नाही. “कातळावर खुंटी शिरत नाही, घुमटी तंबू आपला आपण उभा राहतो,” हा दुकानदाराचा मुद्दा. उभा राहतो खरा. पण तुम्ही पाणी आणायला गेलात आणि वारा आला, की तो दरीकडे चालूही लागतो. दोरी दगडाला बांधावी, वर दुसरा मोठा दगड ठेवावा. दगडांना आपल्याकडे तोटा नाही.

आणि ते आकडे! कापड तीन हजार मिलिमीटरचे आहे, असे दुकानात ऐटीत सांगतात. अर्थ एवढाच, की तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ त्यावर उभा केला तरी पाणी झिरपत नाही. उत्तम. पण पाणी येते ते शिवणीतून, आणि शिवणीवर मेण वा पट्टी बसवली आहे का, हे कोणी विचारीत नाही.

माझीही एकदा फजिती झाली आहे. एकपदरी बंद तंबू घेऊन मी डिसेंबरात एका पठारावरच्या खोलगट जागेत झोपलो. गार हवा रात्री खोलगटातच साचते. माझाच श्वास थंड कापडाला लागून त्याचे पाणी झाले आणि पहाटे ते माझ्याच कपाळावर ठिबकू लागले. आकाशात ढग नव्हता! पाल दोन्ही बाजूंनी उघडे असते, वारा खेळतो, त्यामुळे हा प्रकार पुष्कळच कमी होतो. त्या रात्री कापडापेक्षा जागा चुकली होती, हेही कबूल करतो. उंचवट्याची, खिंडीच्या तोंडापासून दूर अशी जागा आणि वाऱ्याकडची बाजू जमिनीलगत ताणलेली, एवढे साधले की पालाखाली झोप लागते.

आता कोणी म्हणेल, मास्तर प्रत्येकाला पालाखालीच निजवणार. मुळीच नाही. हिमालयात बर्फावर जाणाऱ्याने दुपदरी, भक्कम तंबूच न्यावा. आषाढ-श्रावणात सह्याद्रीच्या उघड्या माथ्यावर पालही नको आणि तंबूही नको. वस्तीतली एखादी ओसरी मागावी. मुक्कामाला मुभा आहे की नाही, तेही पायथ्याच्या गावात आधी विचारावे.

मात्र दुसऱ्या टोकाची मंडळीही मला मंजूर नाहीत. हे ग्रॅम मोजणारे. दात घासायच्या ब्रशाची दांडी कापतात आणि शंभर ग्रॅम वाचावेत म्हणून महिन्याचा पगार ओतून परदेशी कापड मागवतात. त्यांना एमा गेटवूड या अमेरिकन बाईची गोष्ट सांगावीशी वाटते. अकरा मुलांची ही आई १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, अॅपलेशियन ट्रेल ही सुमारे ३,३०० किलोमीटरची डोंगरवाट एकटी चालून गेली. पाठीवर घरी शिवलेली पिशवी, पायांत कापडी बूट, आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा! तंबू नव्हताच. वाटेवरचे निवारे आणि लोकांची घरे तिने खुशाल वापरली. आपला धनगर घोंगडीची खोळ करून असाच उभा पाऊस अंगावर घेत आला आहे, पण त्याचे कौतुक कोण करणार?

तो माझा विद्यार्थी गेल्या आठवड्यात पुन्हा आला. तंबू त्याने चुलतभावाला देऊन टाकला होता आणि बगलेत नवे कापड होते. शाळेच्या मैदानावर आम्ही ते दोन काठ्यांवर ताणले. तीनदा त्याची गाठ सुटली. चौथ्यांदा बसली, तेव्हा तो आत शिरून आडवा झाला आणि म्हणाला, “सर, पाय बाहेर राहतात.” कापड तिरपे लावायला सांगितले. मग पाय आत आले.