बोटांची टक्केवारी

सातारा-सांगली परिसराला यंत्रोद्योग नवा नाही. 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. पुढे सातारा, मिरज, कुपवाड येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. अशा कारखान्यांत पॉवर प्रेसखाली ज्याचा हात सापडतो, त्याच्या नुकसानीचे मोजमाप कसे व्हावे?

1923 च्या भरपाई कायद्याने त्यासाठी कोष्टक दिले. अंगठा गेल्यास कमाईच्या क्षमतेत 30 टक्के घट, तर्जनी गेल्यास 14 टक्के. हिशेब सोपा झाला. परंतु पहारेकऱ्याची तर्जनी आणि फिटरची तर्जनी यांचे मोल सारखे कसे मानावे? बोट एकच, पण एकाची नोकरी टिकते आणि दुसऱ्याचा व्यवसायच संपतो.

1975 साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचे प्रकरण आले होते. त्याचा डावा हात कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचे अपंगत्व अंशतः नव्हे, तर संपूर्ण ठरले. न्यायालयाने अवयवाबरोबर व्यवसायही पाहिला. परंतु ज्या कंत्राटी कामगाराजवळ वेतनाची चिठ्ठीही नसते, त्याने न्यायालयापर्यंत पोचावे कसे?

अपघाताची भरपाई ही मालकाची दया नव्हे. यंत्राच्या झिजेप्रमाणे तो उत्पादनखर्चाचाच भाग आहे. कारखान्याने तो उचलला नाही, तर तो नाहीसा होत नाही. कामगाराच्या घरावर पडतो आणि प्रसंगी मुलाच्या शिक्षणातून वसूल होतो. म्हणून मूल्यमापन व्यवसाय पाहून व्हावे आणि जखमी कामगाराला त्याच कारखान्यात झेपेल असे काम मिळावे. अर्थात, यंत्राला वेळीच संरक्षक कठडा बसविणे हे या सर्वांहून स्वस्त आहे.