नोकरी प्रॉम्प्टरलाच द्या!

गेल्या गणपतीतली गोष्ट. आरती आटोपून मी ओसरीवर बसलो होतो, तोच माझा एक जुना विद्यार्थी लॅपटॉप बगलेत मारून आला. पाया पडला, प्रसाद तोंडात टाकला आणि म्हणाला, "सर, तुम्ही माझी मुलाखत घ्यायची."

मी हायस्कुलात चित्रकला शिकवतो आणि सुटीत कादंबऱ्या लिहितो. स्वतः मॅट्रिक. आजच्या बोलीत दहावी पास, त्यावर ड्रॉइंगची पदविका, एवढीच माझी विद्या. हा मुलगा संगणकाचा इंजिनिअर. पुण्यात तीन वर्षे नोकरी केली, पुढे कंपनीने माणसे कमी केली त्यात हाही गेला, आणि आता अकरा मुलाखती देऊन अकरा ठिकाणचा नकार पदरात घेऊन गावी आलेला. त्याची मुलाखत मी ती काय घेणार? परंतु माझे ज्ञान त्याला नकोच होते. प्रश्न विचारणारे एक तोंड हवे होते. उत्तरे देणारा त्याने बरोबरच आणला होता. एक नव्हे, तीन.

ज्या वाचकांच्या घरी नोकरी शोधणारे मूल आहे, त्यांना हा प्रकार ऐकून माहीत असेल. इतरांसाठी थोडे सांगतो. हल्ली मुलाखत पुष्कळदा संगणकाच्या पडद्यावर होते. साहेब बंगळुरात, उमेदवार आपल्या माजघरात. अशा वेळी उमेदवाराच्या लॅपटॉपमध्ये एक एआयचे साधन गुपचूप चालू असते. साहेबाचा प्रश्न ते ऐकते, बोललेल्याचे अक्षरांत रूपांतर करते, आधीच भरून ठेवलेला उमेदवाराचा बायोडाटा चाळते आणि काही क्षणांत तयार उत्तर पडद्याच्या एका कोपऱ्यात मांडते. उमेदवाराने ते वाचायचे, पण बोलतो आहोत असे दाखवायचे. गंमत अशी, की उमेदवाराने आपला पडदा साहेबाला उघडून दाखवला तरी ती उत्तराची चौकट साहेबाला दिसू नये, अशी योजना त्यात असते. या सेवेची दरमहा वर्गणी असते, आणि ती डॉलरांत.

मुलाचा हेतू व्यवहारी होता. तिघांपैकी कोणाची वर्गणी चालू ठेवावी, एवढेच त्याला ठरवायचे होते. त्याने वहीत रकाने आखून आणले होते: उत्तर यायला किती सेकंद लागतात, उत्तर बरोबर असते का, आपले उच्चार त्याला कळतात का, आणि पकडले जाण्याचा धोका किती. आम्ही दोघे दोन खोल्यांत बसलो. तो माजघरात आणि मी ओसरीवर, माझ्या मुलीचा मोबाइल घेऊन.

पहिल्याने गती चांगली दाखवली, पण माझे इंग्रजी त्याला झेपेना. माझ्या एका साध्या प्रश्नाचे त्याने असे काही ऐकले, की उत्तर शेतीविम्यावर आले. दुसरे अचूक होते, पण चार-पाच सेकंद घेई. तेवढा वेळ आमचा उमेदवार "दॅट्स अ व्हेरी गुड क्वेश्चन" म्हणून काढी. सहाव्या प्रश्नालाही त्याने तेच म्हटले, तेव्हा माझी मुलगी स्वयंपाकघरात हसली. तिसरे गतीने आणि अचूकतेने उत्तम. परंतु ते वाचताना त्याची बुबुळे डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडून उजवीकडे अशी फिरत, की करघ्याचा धोटाच. वीस वर्षे परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षण केलेल्या माणसाला ते डोळे नवे नव्हते.

आणि मग त्याने वाचले: "मी कंपनीचे नाव येथे असताना चार जणांच्या गटाचे नेतृत्व केले." यंत्राने चौकटी कंसात 'कंपनीचे नाव' अशी मोकळी जागा सोडली होती. ती त्याने जशीच्या तशी, मोठ्या आत्मविश्वासाने म्हणून टाकली.

मला आमच्या गावच्या जत्रेतले नाटक आठवले. राजाच्या कामाला पोस्टमास्तर असत, आणि त्यांचे पाठांतर शून्य. विंगेतून प्रॉम्प्टर एकेक वाक्य पुरवी आणि महाराज ते उचलीत. एकदा प्रॉम्प्टर म्हणाला, "प्रधानजी, हे पाहा शत्रूचे पत्र! खिशातून पत्र काढतो." महाराजांनी तेवढेच्या तेवढे वाक्य तलवारीवर हात ठेवून गर्जून म्हटले. मांडव हसून लोळला. लोक का हसताहेत हे त्या मांडवात फक्त महाराजांना कळले नाही.

तोवर मीही हसत होतो. हसू थांबले ते पुढच्या प्रश्नाला. त्याच्या यादीत एक प्रश्न होता, तो म्हणे सगळीकडे विचारतात: तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा. मी त्याला जरा वळण दिले. म्हटले, आठवीत असताना तू शाळेच्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा रंगवलास, त्यात काय चुकले होते? चार सेकंद गेले. मग मुलगा वाचू लागला. त्या कामात म्हणे मुदत चुकण्याची वेळ आली होती, सहकाऱ्यांत समन्वय नव्हता, त्याने सगळ्यांची बैठक घेतली, कामाचे वाटप केले आणि काम मुदतीच्या दोन दिवस आधी पूर्ण झाले.

वाचकहो, त्या भिंतीपाशी शिडी धरून मी उभा होतो. सहकारी नव्हते, बैठक नव्हती. पोराने नकाशा एकट्याने रंगवला आणि गोव्याला वेगळा रंग द्यायचा विसरला. अख्खा गोवा सिंधुदुर्गात विलीन झाला. माझ्याही ते ध्यानात आले नव्हते. रात्री त्याला घरी आठवले, आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेची घंटा होण्याआधी हा पिवळ्या रंगाचा डबा घेऊन एकटाच शिडीवर चढलेला मला दिसला. चुकीच्या प्रश्नाला याहून चांगले उत्तर मला सुचत नाही. ते त्याच्याजवळ होते, आणि तो माझ्याच तोंडावर मला दुसरेच काही वाचून दाखवत होता. मी म्हटले, "अरे, हे कधी झाले?" तो गप्प झाला. कोपऱ्यातली चौकट मात्र माझ्या या प्रश्नाचेही उत्तर लिहीत होती.

या साधनांची गुणपत्रके मांडणाऱ्या पंडितांशी माझे भांडण येथून सुरू होते. कोणते किती सेकंदांत बोलते, कोणते अधिक बेमालूम लपते, कोणत्याची वर्गणी स्वस्त, यांची ते तुलना करतात. चोरकंदिलांची अशी तुलना करायला माझी हरकत नाही. पण तिला उमेदवाराची मदत म्हणू नका. 2025 साली अमेरिकेत या व्यवसायातली एक कंपनी निघाली, तिचे नाव क्लूली. कोलंबिया विद्यापीठातल्या ज्या विद्यार्थ्यांनी ती काढली, त्यांनी आधी मुलाखतीत फसवण्याचेच साधन बनवले होते. सगळ्याच बाबतीत फसवा, हे ब्रीद या कंपनीने उघडपणे मिरवले, आणि त्याच वर्षी तिला प्रथम 53 लाख आणि पुढे दीड कोटी डॉलर भांडवल मिळाले. आमच्याकडे दहावीच्या केंद्रावर खिडकीतून चिठ्ठी फेकणाऱ्या मामाला 1982 च्या कायद्याने शिक्षा आहे. बिचाऱ्याला भांडवलदार भेटला नाही.

आता माझ्या विद्यार्थ्याचे म्हणणे ऐका, कारण ते टाकाऊ नाही. तो म्हणाला, "सर, मला उत्तर येतं. वाक्य येत नाही. शहरातल्या इंग्रजी शाळेतली मुलं अर्धवट माहितीवर पंधरा मिनिटं बोलतात. मी पूर्ण माहिती असून 'आय ॲक्च्युअली' म्हणून अडकतो. त्यांना घरात, शाळेत, क्लासात प्रॉम्प्टर होते. मला आत्ता मिळाला, तर लगेच पाप?"

मी पुष्कळ वेळ बोललो नाही. मराठी शाळेतून इंग्रजी मुलाखतीपर्यंत जाण्याची वाट काय असते, ते मला चांगले ठाऊक आहे. माझ्या नोकरीच्या मुलाखतीत एका सभासदांनी कोणा फ्रेंच चित्रकाराविषयी विचारले. मी "ठाऊक नाही" म्हटले. अध्यक्षांनी खडू पुढे केला आणि म्हणाले, बैल काढून दाखवा. मी काढला. (त्याआधी दुसऱ्या एका संस्थेत मुलाखतीला एकच प्रश्न होता: देणगी किती द्याल? त्याचे उत्तर देणारे यंत्र निघाले तर मी स्वतः वर्गणी भरीन.)

शेवटी मी त्याला म्हटले, लॅपटॉप मिट आणि मराठीत सांग. डेटाबेसमध्ये इंडेक्स कशाला करतात? हाही त्याच्याच यादीतला प्रश्न. तो म्हणाला, "सर, जाड पुस्तकाच्या मागं सूची असते ना? शब्द शोधायला सगळी पानं चाळावी लागत नाहीत, तसं." मी विचारले, मग प्रत्येक रकान्याची सूची का करीत नाहीत? "कारण पुस्तकात नवीन मजकूर घातला, की प्रत्येक सूची पुन्हा दुरुस्त करावी लागते. शोधणं जलद होतं, पण लिहिणं मंदावतं. जिथं वाचणारे पुष्कळ आणि लिहिणारे थोडे, तिथं सूची परवडते." मॅट्रिक ड्रॉइंग मास्तराला दोन मिनिटांत डेटाबेस समजला! जो मुलगा हे करू शकतो, त्याच्याकडून कोपऱ्यातली चौकट वाचून घेणे हा त्याचा अपमान आहे, आणि त्यासाठी तो खिशातून डॉलर मोजतो आहे.

त्याला वाक्य येत नाही, हे खरे. पण वाक्य शिकवायला तेच यंत्र आदल्या रात्री वापरता येते. शंभर वेळा प्रश्न विचार म्हणावे, शंभर वेळा माझे इंग्रजी दुरुस्त कर म्हणावे. ते कंटाळत नाही, ओरडत नाही, आणि क्लासची फी पाहता स्वस्त पडते. त्याला मी शिक्षक म्हणेन, सहकारी म्हणून खुर्ची देईन. ऐकू कमी येणाऱ्या उमेदवाराने समोरच्याचे बोलणे पडद्यावर अक्षरांत उमटवून घेतले, तर त्यालाही कोणी हरकत घेऊ नये. फरक मला एकाच गोष्टीत दिसतो. आपण हे वापरतो आहोत, असे समोरच्याला सांगता येते का? बहिरा माणूस सांगू शकतो. रात्रभर सराव करणारा सांगू शकतो, अभिमानानेसुद्धा. कोपऱ्यातली चौकट वाचणाऱ्याला ते सांगता येत नाही. त्या साधनाचा मुख्य गुणच दडणे हा आहे. वहीतले ते चार रकाने मी खोडले आणि हा एकच ठेवला. तिघेही नापास झाले.

हाच रकाना मी कंपन्यांपुढेही धरतो, कारण त्या काही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. अमेरिकेतल्या हायरव्ह्यू कंपनीचे सॉफ्टवेअर उमेदवाराच्या चेहऱ्याचीही तपासणी करून त्याला जोखीत असे. टीका झाली, तेव्हा चेहरा तपासणे सोडल्याचे तिने 2021 च्या जानेवारीत जाहीर केले. इलिनॉय राज्याच्या कायद्याने 2020 पासून चित्रमुद्रित मुलाखत यंत्राकडून तपासून घ्यायची तर उमेदवाराला आधी सांगून त्याची संमती घ्यावी लागते. न्यू यॉर्क शहरात 2023 च्या जुलैपासून अशी छाननी करण्याआधी दहा कामाचे दिवस उमेदवाराला कळवावे लागते. युरोपीय संघाने 2025 च्या फेब्रुवारीपासून नोकरीच्या ठिकाणी यंत्राने माणसाच्या भावना ओळखण्याला, काही अपवाद वगळता, बंदीच घातली. हे सारे कायदे मालकाला एवढेच बजावतात, की उमेदवाराच्या पाठीमागे काही करू नकोस. मालकाला जे लागू, ते उमेदवाराला का नको? जी कंपनी स्वतः यंत्रापुढे पोरांना बसवून त्यांना पोपटपंचीचेच प्रश्न विचारते, तिला पोपट मिळाले तर तिची कीव करण्याचे मला कारण दिसत नाही. पण पोपट झालेला मुलगा माझ्या वर्गातला आहे.

आणि या चलाखीचे बिल कोण भरणार, तेही पाहा. 2020 च्या टाळेबंदीत मुलाखती पडद्यावर आल्या, तेव्हा आमच्या तालुक्यातल्या मुलांना केवढी सोय झाली! रात्रीची बस नाही, लॉज नाही, उसना शर्ट नाही. आता फसवणुकीच्या धास्तीने कंपन्या उमेदवाराला पुन्हा दारी बोलावू लागल्या आहेत. गूगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनीही 2025 साली निदान एक फेरी तरी समोरासमोर घेण्याची भाषा केली. शहरातला मुलगा मेट्रोत बसून जाईल. बंगळूरची बस धरील तो आमचाच. ज्याला बरोबरीत आणण्याच्या नावाने हे साधन विकले जाते, त्याच्याच पायाखालची पायरी ते काढून घेते आहे.

एवढे सगळे मी त्याला त्या दिवशी सांगितले नाही. काही आत्ता लिहिताना सुचले. तो मोदक खाऊन गेला. बाराव्या मुलाखतीनंतर त्याचा फोन आला. चौकट लावली नव्हती म्हणाला. एका प्रश्नाला "आय डोन्ट नो" म्हटले, तर त्या बाईंनी "नो प्रॉब्लेम" म्हणून पुढचा विचारला. चुकीच्या प्रश्नाला त्याने गोव्याची गोष्ट सांगितली. इंग्रजी तीनदा अडले. बाई मधे हसल्या, पण गोव्याला हसल्या की इंग्रजीला, हे त्याला कळले नाही.

हा लेख छापायला देईपर्यंत निकाल आलेला नाही. तिसऱ्या साधनाची वर्गणी बंद करायला मात्र तो विसरला होता. या महिन्याचेही डॉलर कापले गेले.