चोपडी आणि पत्रे

लक्ष्मीपूजनाला पेढीवर चोपड्या पुजतात. मला मात्र शेटजींच्या पत्रव्यवहाराचे कुतूहल अधिक! मुंबईचे कापूस-व्यापारी सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांची कागदपत्रे दिल्लीच्या तीन मूर्ती ग्रंथालयात आहेत. १९२० साली असहकाराला विरोध करणारे, १९२६ साली रुपया १८ पेन्सांना बांधू नका म्हणून हिल्टन यंग कमिशनात एकट्याने भिन्नमत नोंदवणारे आणि १९४४ साली १०,००० कोटींच्या ‘मुंबई योजने’वर सही करणारे गृहस्थ एकच! गौरवग्रंथाला यातले सोयीचे तेवढेच आठवते. कागदांना सारेच आठवते. तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत आजोबांची पत्रे रद्दीत घालण्यापूर्वी एकवार वाचा. चोपडीला हळदकुंकू वाहावे. पण माणसाचा खरा हिशेब पत्रांतच सापडतो.